विमानात गाडीचा चार्जर लावण्याआधी

नाशिकजवळच्या ओझर विमानतळावरून छोट्या विमानाने उडणार असाल, तर टॅबसाठी गाडीतला चार्जर तसाच उचलून नेऊ नका. गाडीत 12 व्होल्टची बॅटरी. 1996 नंतरच्या सेस्ना 172 या छोट्या विमानात मात्र 28 व्होल्टची यंत्रणा असते. चार्जरवरची बारीक अक्षरं वाचा. 'इनपुट 12–24' लिहिलेलं असलं तरी मी 30 व्होल्ट सोसणाराच घेते. इंजिन सुरू होईपर्यंत तो सॉकेटबाहेर ठेवा. मग रेडिओचा स्क्वेल्च, म्हणजे एरवीची खरखर दाबणारी सोय, उघडून चार्जर लावा, काढा, पुन्हा लावा. खरखर वाढली? तो चार्जर नकोच. हलक्या प्रतीचे चार्जर विमानाच्या रेडिओच्या 118 ते 137 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट करतात आणि टॉवरचा आवाज त्यात बुडतो. टॅब काचेजवळ उन्हात ठेवू नका. नाशिकच्या एप्रिलात तो तापून चार्जिंगच थांबवतो.