कपाशीवर पहिली फवारणी करण्यापूर्वी : पोळ्यापर्यंतच्या दिवसांसाठी सल्ला

जुलैच्या अखेरीपासून पोळ्यापर्यंत विदर्भ-मराठवाड्यातील कोरडवाहू कपाशीत रसशोषक किडींचा जोर असतो. बियाण्याला लावून आलेल्या कीटकनाशकाचा असर तोवर ओसरलेला असतो, युरिया पडल्यामुळे पाने लुसलुशीत झालेली असतात आणि ढगाळ हवेत पानांच्या मागच्या बाजूस मावा, तुडतुडे व फुलकिडे दिसू लागतात. बहुतेक शेतांत पहिली फवारणी याच सुमारास होते. ती करण्यापूर्वी आपल्या शेतात कोण कोणावर जगत आहे, हे शेतकरी बांधवांनी एकदा नीट पाहावे, असा आमचा आग्रह आहे.

कपाशीचे झाड उन्हाच्या बळावर अन्न तयार करते, मावा त्या झाडाचा रस शोषतो आणि माव्यावर ढालकिडा (ठिपक्यांचा लेडीबर्ड भुंगा), क्रायसोपा (जाळीदार पंखांचा हिरवट कीटक), सिरफिड माशीच्या अळ्या व कोळी जगतात. या साखळीत वेगाचा फरक फार महत्त्वाचा आहे. माव्याची मादी नराशिवाय थेट पिल्ले देते आणि अनुकूल हवेत ते पिल्लू साधारण आठवडाभरात स्वतः पिल्ले देऊ लागते. ढालकिड्याला मात्र अंड्यापासून भुंगा होण्यास सुमारे तीन आठवडे लागतात. त्यामुळे मित्रकीटक नेहमी किडीच्या मागून येतात, कारण खायला काही असल्याशिवाय ते वाढणार कसे? सर्व कीटकांना मारणारे जहाल औषध फवारले की दोघेही मरतात, परंतु पानाआड वाचलेल्या थोड्याशा माव्यापासून झाड पुन्हा भरते आणि तोवर त्याला खाणारे कोणी शिल्लक नसते. ‘औषध मारले तरी मावा उलटून आला’ या तक्रारीमागे पुष्कळदा हेच कारण असते.

सकाळी दव उतरल्यावर पान उलटून पाहावे. पिवळसर, उभ्या ठेवलेल्या बारीक अंड्यांचा पुंजका दिसला तर तो ढालकिड्याचा समजावा. त्यातून निघणारी अळी काळपट, लांबट, सहा पायांची असून अंगावर नारिंगी ठिपके असतात. ती भुंग्यासारखी मुळीच दिसत नाही, म्हणून नवी कीड समजून अनेक जण तिला चिरडतात. ही चूक आम्हाला सर्वांत जास्त खटकते, कारण ही एक अळी वाढताना शेकडो मावा फस्त करते. केसासारख्या बारीक देठावर टांगलेले एकेक अंडे क्रायसोपाचे असते. माव्याच्या वसाहतीत फुगलेला, तपकिरी, कडक झालेला मावा आढळला तर त्याच्या पोटात परजीवी गांधीलमाशी वाढत आहे, किंवा पाठीवर गोल भोक असेल तर ती बाहेर पडून गेली आहे, असे ओळखावे. मुंगळ्यांची रांग मात्र चांगले लक्षण नव्हे. माव्याचा गोड चिकटा मिळावा म्हणून मुंगळे त्याची राखण करतात आणि ढालकिड्याच्या अळ्यांना हुसकावतात.

एकरी 20 झाडे निवडून प्रत्येकाचे वरचे, मधले व खालचे अशी 3 पाने तपासावीत. सरासरी दर पानामागे 10 मावा, 10 फुलकिडे किंवा 2 ते 3 तुडतुडे यांपैकी एक पातळी गाठली गेली, तरच उपायाचा विचार करावा. माव्याच्या बरोबरीने ढालकिडे व त्यांच्या अळ्या भरपूर दिसत असतील तर चार दिवस थांबून पुन्हा मोजणी करावी. सुरुवात 5 टक्के निंबोळी अर्काने करावी: 5 किलो वाळलेल्या निंबोळ्यांचा भरडा रात्रभर पाण्यात भिजवून गाळावा आणि पाणी घालून एकूण द्रावण 100 लिटर करावे. हंगामाच्या सुरुवातीला सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातील औषधे टाळावीत, कारण त्यांनी मित्रकीटक मरतात व पुढे पांढरी माशी बळावते. दोन-तीन औषधांचे मिश्रण तर करूच नये. यवतमाळ जिल्ह्यात 2017 च्या हंगामात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी व शेतमजूर दगावले, हे विसरता येत नाही. हातमोजे, मास्क आणि वाऱ्याची दिशा यांबाबत तडजोड नको.

ज्यांनी कडेने चवळीची ओळ लावली आहे, त्यांनी तिच्यावरील काळा मावा पाहून घाबरू नये. तो प्रामुख्याने शेंगवर्गीय पिकांवर जगणारा वेगळा मावा आहे. त्यावर ढालकिडे पोसले जातात आणि तेथून कपाशीत उतरतात.

गुलाबी बोंडअळीची गोष्ट वेगळी आहे. ती बोंडात शिरल्यावर मित्रकीटकांच्या तावडीतून सुटते, त्यामुळे तिला अंड्यातच गाठावे लागते. पेरणीनंतर 45 दिवसांनी हेक्टरी 5 कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग ओढून घेणारे) लावावेत आणि सलग 3 रात्री दर सापळ्यात रोज 8 पतंग आढळल्यास फवारणीचा निर्णय घ्यावा. पात्या (कळ्या) व फुले लागताच ट्रायकोकार्ड (बोंडअळीच्या अंड्यांवर वाढणाऱ्या ट्रायकोग्रामा या बारीक परजीवी कीटकाची कार्डे) पानांच्या खालच्या बाजूस टाचावीत आणि त्यानंतर काही दिवस रासायनिक फवारणी करू नये. न उमललेल्या गुलाबाच्या कळीसारख्या डोमकळ्या रोज वेचून अळीसह नष्ट कराव्यात. या अळीचे पोट जवळजवळ पूर्णपणे कपाशीवर चालते, म्हणून फरदड (मुख्य वेचणीनंतर पीक राखून घेतलेला जादा बहर) न घेता डिसेंबरअखेर वेचणी आटोपावी, उरलेल्या बोंडांवर शेळ्या-मेंढ्या सोडाव्यात आणि पऱ्हाटीचे (कपाशीच्या वाळलेल्या झाडांचे) ढीग बांधावर न रचता तिचे बारीक तुकडे करून कंपोस्ट करावे.