शेजारच्या हवामान कार्यालयाचं काम सांभाळताय? या चुका टाळा

वीज जाते, डेटा लाइन तुटते, कधी वादळ थेट कार्यालयाच्याच डोक्यावर येतं. मग त्या भागाचे अंदाज आणि इशारे दुसरं कार्यालय काढतं. हा ताबा मी रात्रपाळ्यांत अनेकदा दिला आहे आणि घेतलाही आहे. दर वेळी चुका मात्र त्याच पाहतो, म्हणून लिहायला बसलो.

"तुम्ही बघा आता" म्हणून फोन ठेवणं

सगळ्यात घातक चूक हीच. एकदा शेजारच्या कार्यालयाची लाइन गेली. फोनवर एवढंच बोलणं झालं आणि आमच्या नव्या सहकाऱ्याने लगेच काम सुरू केलं. विमानांसाठीचा सिग्मेट, म्हणजे धोकादायक हवामानाचा इशारा, त्याने क्रमांक 1 पासून काढला, तासाभराने गडगडाटी ढगांसाठी क्रमांक 2. पण सिग्मेटचा क्रमांक त्या हवाई क्षेत्रासाठी रोज 0001 यूटीसीपासून, म्हणजे जागतिक प्रमाण वेळेतल्या मध्यरात्रीपासून, चालू असतो. तो कोण काढतंय याने मोजणी बदलत नाही. शेजाऱ्यांनी त्या दिवशी 1 आणि 2 आधीच काढले होते आणि त्यांच्या 2 मधला तीव्र टर्ब्युलन्सचा, म्हणजे विमानाला हादरे देणाऱ्या खळबळत्या हवेचा, इशारा अजून लागू होता.

ढग विरले, तसा याने "2 रद्द" पाठवला. पाच मिनिटांत नियंत्रण कक्षाचा फोन: "कुठला 2?" तोवर त्यांनी टर्ब्युलन्सचा इशारा फलकावरून काढलाही होता. तो परत लावून घ्यायला आणि नवा क्रमांक देऊन सगळं पुन्हा पाठवायला वीस मिनिटं गेली. तेवढ्या वेळात त्या भागातून विमानं जातच होती. ती वीस मिनिटं आठवली की आजही अस्वस्थ व्हायला होतं.

तेव्हापासून माझी एक सवय आहे. ताबा घेताना मी कागद पुढे ओढतो आणि चार गोष्टी लिहून घेतो: ताब्याची वेळ यूटीसीत, शेवटचा क्रमांक, लागू असलेले इशारे त्यांच्या मुदतीसह, आणि माणूस हमखास सापडेल असा फोन नंबर. मग सगळं मोठ्याने वाचून दाखवतो. समोरच्याने "बरोबर" म्हटल्याशिवाय कळफलकाला हात लावत नाही. दोन मिनिटं लागतात. नव्या मुलांना ही दोन मिनिटं जड जातात, बॅकअपचं बटण दाबलं की ताबा मिळाला असं त्यांना वाटतं. बटणाने फक्त संदेशाचं शीर्षक बदलतं. तिकडे काय चालू होतं, ते विचारल्याशिवाय कळत नाही.

निवांत दुपारी, सगळं चालू ठेवून सराव करणं

असा सराव दर वेळी यशस्वी होतो, कारण शेजाऱ्यांचा सर्व्हर चालूच असतो आणि आपली बॅकअप यंत्रणा नकाशे, सीमा, ठाण्यांच्या याद्या गुपचूप तिथूनच उचलत असते. ते सरावात कुणाच्या लक्षात येत नाही. मी सरावाच्या दिवशी शेजाऱ्यांना नेटवर्कची केबल खरोखर काढायला सांगतो. पहिल्यांदा असं केलं तेव्हा आमच्या पडद्यावर त्यांच्या निम्म्या हद्दीचे नकाशे कोरे आले. एकदा इशारा तयार झाला तोही जुन्या सीमांवर, नव्याने जोडलेला भाग त्यात नव्हताच. खऱ्या वादळात हे कळलं असतं तर त्या भागातल्या लोकांना इशारा मिळालाच नसता. म्हणून केबल काढूनच सराव करा, आणि रात्रपाळीतही करा, कारण मदतीला माणसं कमी असतात ती तेव्हाच.

सर्वात जवळचं कार्यालय म्हणजेच बॅकअप, असं धरणं

हवामान ओळखीचं असतं म्हणून शेजारी बरा, हे खरंच. पण तेच वादळ त्याच्याही छपरावर असू शकतं. सप्टेंबर 2017 मध्ये मारिया चक्रीवादळाने प्वेर्तो रिकोचं रडार उद्ध्वस्त केलं, तेव्हा तिथल्या सान हुआन कार्यालयाचं काम दीड हजार किलोमीटरहून दूर असलेल्या मायामीने उचललं. जेमतेम दहा दिवसांपूर्वी मायामीच्या फ्लोरिडालाही इर्मा चक्रीवादळाचा तडाखा बसला होता. जगभरच्या विमानांसाठी वरच्या हवेतल्या वाऱ्यांचे अंदाज देणारी केंद्रं दोनच आहेत, लंडन आणि वॉशिंग्टन. ती एकमेकांची बॅकअप आहेत आणि मध्ये अख्खा अटलांटिक आहे. तुमच्या यादीत एक जवळचं आणि एक दूरचं, अशी दोन नावं ठेवाच.

बाकीच्या चुका थोडक्यात. विमानतळाच्या टॅफवर, म्हणजे तिथल्या हवामान अंदाजावर, सतत नजर ठेवणं जमणार नसेल तर तो रद्द करा. जुना मजकूर नव्या वेळेने पुढे ढकलणं मला अजिबात मान्य नाही. दुसऱ्याच्या दऱ्याखोऱ्यांत धुकं कुठे साचतं, नदी कुठे आधी चढते, हे त्यांच्याकडून शांत दिवसांतच लिहून घ्या. फोनच्या यादीतले नंबर दर काही महिन्यांनी लावून बघा.

आणि परत देण्याची घाई. "वीज आली" म्हणजे कार्यालय उभं राहिलं असं होत नाही. निरीक्षणांची एक पूर्ण फेरी त्यांच्या पडद्यावर येऊ द्या, त्यांचा चाचणी संदेश तुमच्याकडे पोहोचू द्या. मग तोच कागद उलट दिशेने वाचून दाखवायचा, आणि या वेळी "बरोबर" म्हणायची पाळी तुमची.