पाणभुंगा वाढवायचाय? आधी माती आणा

टाकी, जाळी, वनस्पती हे सगळं नंतर. आधी एक डबा ओलसर मातीने भरून ठेवा. पाणभुंगा पाण्यात जगतो, पण त्याचा कोष पाण्यात होत नाही. पूर्ण वाढलेली अळी पाणी सोडून काठावरच्या मातीत शिरते आणि तिथेच कोषात जाते. गेल्या पावसाळ्यात माझ्याकडे बाकी सगळं तयार होतं, फक्त माती नव्हती. ती आणेपर्यंत चांगल्या पोसलेल्या अळ्या बुडून मेल्या. अंडी दिसण्याच्याही आधी माती तयार हवी.

भुंगा कोणता, ते नीट बघून घ्या. मी सांगतेय ते सायबिस्टरबद्दल: चपटा, हिरवट काळा, कडेने पिवळी पट्टी, लांबी अडीच-तीन सेंटिमीटर. तळ्यात, भातखाचरात सापडतो, पावसाळी रात्री दिव्यावर येतो. हवा घ्यायला तो शरीराचं मागचं टोक पाण्याबाहेर काढतो. डोकं वर काढून हवा घेणारा आणि मागचे पाय आळीपाळीने मारणारा काळा भुंगा मिळाला, तर तो वेगळ्या कुळातला आहे, त्याला ही यादी लावू नका. नराच्या पुढच्या पायांवर चकतीसारखा रुंद भाग असतो, मादीला नसतो. एक जोडी पुरे.

झाकण घट्ट. हे उडतात.

पाणी नळाचं असेल तर दिवसभर उघडं ठेवून मग वापरा. वीतभर खोली पुरते. पाण्याबाहेर डोकावणारा दगड किंवा लाकूड हवंच, भुंगा त्यावर चढून अंग वाळवतो. मासे सोबत ठेवू नका. भुंगा त्यांना कुरतडतो, शिवाय दचकला की मानेजवळून पांढरा स्राव सोडतो, तो माशांना विषारी असतो. मोठ्या भुंग्याला मासळीचा किंवा कोळंबीचा लहान तुकडा चालतो, पण उरलेला त्याच दिवशी काढा. पाण्यावर तेलकट तवंग आला की त्याला हवा घेता येत नाही.

अंडी मादी वनस्पतीच्या देठात खुपसून घालते, त्यामुळे प्लॅस्टिकची रोपं बिनकामाची. जलपर्णीचे फुगीर देठ उत्तम. दुकानातली पाणवनस्पती कीटकनाशकातून आलेली असू शकते, म्हणून ती आठवडाभर वेगळ्या पाण्यात ठेवा आणि पाणी बदलत राहा. नको झालेली जलपर्णी नदीत टाकू नका, वाळवून कचऱ्यात द्या.

आता वाट्या. प्रत्येक अळीला वेगळी. दोन अळ्या एका वाटीत ठेवल्या की एकच उरते. त्यांचे जबडे विळ्यासारखे आणि आतून पोकळ असतात. भक्ष्यात पाचक रस सोडायचा आणि विरघळलेलं शोषून घ्यायचं, अशी त्यांची रीत. बोटालाही चावतात, चमचा वापरा. लहान असताना डासांच्या अळ्या, मोठ्या झाल्यावर चतुराची पिल्लं, रोज आणि जिवंत. डासांच्या अळ्या लागतील तेवढ्याच आणा. उघडी बादली भरून ठेवलीत तर घरात डेंग्यूचे डास कराल.

आणि माती? आणलीत का? अळी दोनदा कात टाकते, त्यानंतरच्या तिसऱ्या अवस्थेत भराभर वाढते. मग एक दिवस खाणं सोडते आणि वाटीच्या कडेने वर चढायला बघते. त्या दिवशी माती हातात हवी. उद्या आणू म्हणालात की उशीर झाला.

रोपवाटिकेतली तयार माती घेऊ नका, तिच्यात बहुतेक वेळा निंबोळी पेंड किंवा खत असतं आणि निंबोळी किड्यांना मारते. साधी बागेतली माती चाळून घ्या, थोडा नारळाचा भुसा मिसळा. मुठीत दाबली की गोळा व्हावा, पाणी गळू नये. थर चार बोटं तरी हवा. बोटाने एक खळगा करून अळी त्यात सोडा, पुढचं ती स्वतः खणते. डब्याच्या झाकणाला भोकं पाडा आणि डबा पाणी भरलेल्या ताटात ठेवा, नाहीतर मुंग्या कोष फस्त करतात. माती सुकू देऊ नका, चिखलही करू नका. कितीही उत्सुकता वाटली तरी उकरू नका, कोषाची पोकळी ढासळते.

साधारण तीन-चार आठवड्यांत भुंगा होतो. सुरुवातीला फिका आणि मऊ असतो, आपणहून वर येईपर्यंत हात लावू नका. अंग कडक झालं, रंग गडद झाला की टाकीत. सगळे ठेवायचे नसतील तर जिथून जोडी आणली त्याच तळ्यात सोडा.