रेप्लिकेशन चालू असताना रेडिस बंद करणे

सर्व्हर सांभाळण्याच्या कामात नव्याने आलेल्यांना रेडिस, म्हणजे मुख्यतः मेमरीत डेटा ठेवणारा डेटाबेस, बंद करणे सोपे वाटते, कारण त्यासाठीची कमांड ('शटडाउन') एका शब्दाची आहे. परंतु जिथे एका मास्टरवरचा (मुख्य सर्व्हरवरचा) डेटा अनेक रेप्लिकांवर (त्याची प्रत ठेवणाऱ्या सर्व्हरांवर) सतत उतरत असतो, म्हणजे रेप्लिकेशन चालू असते, तिथे ती देण्यापूर्वी दोन गोष्टी ठाऊक असाव्यात, असे मी सोबत शिकणाऱ्यांना सांगत आलो आहे: समोरचे मशीन मास्टर आहे की रेप्लिका, आणि ते बंद पडल्यावर त्याला पुन्हा उठवणारे कोण आहे.

पहिल्याचे उत्तर 'इन्फो रेप्लिकेशन' ही कमांड देते. रेप्लिका असेल, तर वाचनाचा भार इतरांना पेलेल एवढे पाहून ती थांबवावी. मास्टरची गोष्ट वेगळी आहे. रेप्लिकेशन असिंक्रोनस असल्याने, म्हणजे मास्टर रेप्लिकांच्या पोचपावतीसाठी थांबत नसल्याने, मास्टरने क्लायंटला 'ओके' म्हटलेली नोंद रेप्लिकेपर्यंत पोचलेली असेलच असे नाही. 'शटडाउन' दिल्यावर रेडिस सेटिंगप्रमाणे डेटा डिस्कवर लिहितो आणि आवृत्ती ७.० पासून, मागे राहिलेल्या रेप्लिकांसाठी, सेटिंग बदललेले नसल्यास, १० सेकंदांपर्यंत थांबतो. डिस्कवर लिहिणे फसले, तर तो बंद व्हायलाच नकार देतो. हा नकार त्या घाईत चीड आणतो, पण तो आपल्या हिताचा असतो. प्रोसेस तत्काळ मारणाऱ्या 'किल'च्या ९ क्रमांकाच्या सिग्नलने यातले काहीच होत नाही.

दुसऱ्या प्रश्नाकडे मात्र सहसा कोणी पाहत नाही. लिनक्सवर सेवा चालू-बंद करणाऱ्या सिस्टिमडीमध्ये 'रीस्टार्ट ऑलवेज' असेल, तर 'शटडाउन'नंतर प्रोसेस लगेच परत उभी राहते. त्यात डिस्कवर साठवण बंद असली, तर मास्टर रिकामा उठतो आणि रेप्लिका त्या रिकाम्या मास्टरशी जुळवून घेताना स्वतःकडचा डेटाही पुसून टाकतात. सेंटिनल (मास्टरवर नजर ठेवून तो पडल्यास रेप्लिकेला मास्टर करणारा रेडिसचा सोबती प्रोग्राम) असूनही हे घडू शकते, कारण मास्टर पडल्याचे ठरवायला तो, सेटिंग बदललेले नसल्यास, ३० सेकंद घेतो आणि रीस्टार्ट त्याआधीच झालेला असतो. म्हणून सिस्टिमडीलाच थांबवायला सांगणारी 'सिस्टिमसीटीएल स्टॉप' ही कमांड वापरावी; मग तो प्रोसेस परत उठवत नाही.

त्याहून चांगले म्हणजे मास्टरपद आधी दुसऱ्याकडे सोपवावे: सेंटिनल असल्यास 'सेंटिनल फेलओव्हर'ने, नसल्यास ६.२ पासून उपलब्ध असलेल्या 'फेलओव्हर'ने. ॲप्लिकेशनमध्ये जुन्या मास्टरचा पत्ता थेट लिहिलेला असेल, तर तोही त्याच वेळी बदलावा. अन्यथा लिहिण्याच्या विनंत्या आता रेप्लिका झालेल्या मशीनकडे जाऊन नाकारल्या जातात.