चोवीस काळे खण आणि एक चूक

सांगलीत माझं साड्यांचं छोटं दुकान आहे. चौथ्या वर्षी संक्रांतीसाठी मी कर्नाटकातल्या गुळेदगुड्डच्या व्यापाऱ्याकडून काळ्या खणाच्या फक्त चोवीस साड्या मागवल्या. कल्पना माझी नव्हती. 26 मार्च 2022 ला स्वॉच या स्विस घड्याळ कंपनीनं महागड्या ओमेगाबरोबर मूनस्वॉच हे घड्याळ आणलं, तेव्हा दुकानांपुढे लागलेल्या रांगांचे व्हिडिओ मी रात्री जागून पाहिले होते. घड्याळाचे अकरा प्रकार, त्यांना ग्रहताऱ्यांची नावं, विक्री मोजक्याच दुकानांत. लंडनमध्ये गर्दीमुळे दुकान बंद करावं लागलं.

नव्यानं दुकान टाकणाऱ्यांनी आधी आकडा मांडावा. साडी मला 1,450 ला पडली, विकली 2,100 ला. चोवीस नगांचे 34,800 गुंतले, म्हणजे सतराव्या साडीला भांडवल सुटलं. उरलेल्या सातांतून भाडं, पिशव्या आणि माझं पोट. पन्नास घेतल्या असत्या तर भांडवल सुटायला पस्तीस विकाव्या लागल्या असत्या, आणि पस्तीस गिऱ्हाइकं माझ्या वहीत नव्हतीच. लॉट किती घ्यायचा ते वहीला विचारावं, हौसेला नाही.

26 डिसेंबरला स्टेटस टाकलं: ‘चोवीसच आहेत, परत येणार नाहीत.’ आधी जुन्या गिऱ्हाइकांना फोन केले. एकीला दोनच, हा नियम. एक बाई सहा मागत होत्या. त्या धरून पाच जावा आणि सासूबाई, हळदीकुंकवाला सगळ्यांनी सारखं नेसायचं. नियम मोडला. (त्या बाई आजही येतात.) तीन दिवसांत रॅक रिकामा.

आणि मग हाव सुटली. रोज दहा जणी विचारायच्या, म्हणून मी आणखी तीस मागवल्या. त्या आल्या 10 जानेवारीला. दुसऱ्याच दिवशी पहिल्या लॉटमधल्या एक मावशी दारात थांबल्या, पुतळ्याला नेसवलेल्या साडीकडे बघून म्हणाल्या, “परत येणार नाही म्हणाला होतास ना रे?” मला काही उत्तर सुचलं नाही. त्यांनी त्या दिवशी काही घेतलं नाही.

गंमत म्हणजे मूनस्वॉच मर्यादित आवृत्ती नव्हतीच. कंपनीनं तसं स्पष्ट सांगितलं होतं, पुढे माल येत राहिला. रांगा लागल्या त्या पहिल्या दिवसाच्या टंचाईनं. मी रांग पाहिली, कंपनीचं निवेदन वाचलं नाही. ‘पहिला लॉट चोवीसचा’ एवढंच लिहिलं असतं तरी साड्या खपल्या असत्या, आणि शब्दही राहिला असता.

दुसऱ्या लॉटमधल्या अकरा गेल्या, एकोणीस राहिल्या. रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू चालतं, त्या आशेवर पुतळा तसाच ठेवला, तेव्हा आणखी चार सुटल्या. पंधरा साड्या वर्षभर माळ्यावर होत्या, घडीच्या खुणा पडून. पुढच्या डिसेंबरला त्या काढल्या तेव्हा पाटीवर लिहिलं: ‘गेल्या वर्षीच्या, 1,500.’

मावशींनी त्यातली एक सुनेसाठी नेली.