कोंबडीच्या पिल्लांच्या खाद्यातला खोटा प्रोटीन: या चुका टाळा

"दादा, खाद्याच्या रिपोर्टात प्रोटीन बावीस टक्के आहे, मग पिल्लं का वाढत नाहीत?" मुरबाड-शहापूरकडच्या शेडवर हे ऐकलं की मी आधी सोया पेंडीचं पोतं उघडायला लावतो.

आकड्याला भुलणं ही पहिली चूक. प्रयोगशाळा बहुतेक वेळा नायट्रोजन मोजते आणि त्याला 6.25 ने गुणते. त्यालाच क्रूड प्रोटीन म्हणतात. युरियात नायट्रोजन 46 टक्के, म्हणजे किलोभर युरिया कागदावर 2.875 किलो प्रोटीन दाखवतो. 45 टक्के प्रोटीनच्या शंभर किलो पेंडीत तेवढाच मिसळला की रिपोर्ट 47 च्या पुढे. मीही एकदा अशी स्वस्त पेंड उचलली होती. बॅच निघाली, वजन काही आलं नाही.

दुसरी चूक म्हणजे म्हशीसाठी आणलेल्या पशुखाद्याचं उरलेलं पोतं पिल्लांपुढे ओतणं. त्यात युरिया असू शकतो. म्हशीच्या कोठीपोटातले, म्हणजे पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यातले, जिवाणू त्याचा अमोनिया करतात, त्यातून स्वतःची वाढ करतात आणि पुढे तेच जिवाणू पचून म्हशीला प्रोटीन मिळतं. पिल्लाकडे ना कोठीपोट, ना युरिया फोडणारं स्वतःचं एन्झाइम. त्याचे जिवाणू मुख्यतः आतड्याच्या शेवटच्या टोकाला. तिथे तयार झालेलं प्रोटीन बहुतेक विष्ठेतच जातं.

मग असा नायट्रोजन अगदीच फुकट का? तसंही नाही. लायसीन, मिथिओनिन, थ्रिओनिन ही अत्यावश्यक अमिनो आम्लं (प्रोटीनचे असे घटक, जे पिल्लू स्वतः बनवू शकत नाही) खाद्यात पुरेशी असतील, तर अमोनियम सायट्रेटसारख्या क्षारातल्या नायट्रोजनपासून पिल्लू ग्लुटामिक आम्लासारखी साधी अमिनो आम्लं बनवू शकतं. युरियाचा उपयोग त्याहून बराच कमी. पण लायसीनच कमी पडलं, तर वरून कितीही नायट्रोजन घाला, वाढ तिथेच अडते. म्हणून पुरवठादाराला क्रूड प्रोटीन नव्हे, लायसीन-मिथिओनिन किती ते विचारा.

शंका आली तर घरीच पाहा. पेंड पाण्यात कालवून गाळा, पाणी दोन वाट्यांत घ्या. एकीत कच्च्या तुरीचं पीठ टाका, दुसरी तशीच ठेवा. पाच-दहा मिनिटांनी दोन्हीकडे लाल लिटमस कागद बुडवा. फक्त पिठाच्या वाटीतला निळा झाला, म्हणजे पिठाने युरिया फोडून अमोनिया केला, तर युरियाचा संशय पक्का. पोतं बाजूला ठेवा आणि नमुना प्रयोगशाळेत देताना खऱ्या प्रोटीनची किंवा युरियाची वेगळी तपासणी मागा.