प्रोजेक्टचं सामान घेताना या चुका टाळा

इलेक्ट्रॉनिक्स प्रोजेक्टचं सबमिशन जवळ आलं की मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आणि पुण्याच्या तापकीर गल्लीत सॅक लावलेल्या मुलांची झुंबड उडते. मोबाइलवर कुठला तरी व्हिडिओ आणि काउंटरवर मागणी, ‘अर्डुइनो द्या, एक अल्ट्रासॉनिक द्या.’ (अर्डुइनो म्हणजे प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड, अल्ट्रासॉनिक म्हणजे ध्वनिलहरींनी अंतर मोजणारा सेन्सर.) गर्दीत दुकानदार मागाल ते काढून देतो. तुम्ही काय बनवताय हे विचारायला त्याला वेळ नसतो, आणि ते त्याचं कामही नाही.

सगळ्यात जास्त प्रोजेक्ट अडकतात ते पॉवर सप्लायपाशी. सेन्सर आठवणीने घेतले जातात, सप्लायचं मात्र ‘बघू नंतर’. मग ऐनवेळी ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी येते. मल्टिमीटरला ती ठीक आहे, पण मोटर लावली की तिचं व्होल्टेज बसतं. समजा, हात जवळ नेला की झाकण उघडणारी कचरापेटी करताय आणि एसजी९० सर्वो (हव्या त्या कोनात फिरणारी छोटी मोटर) थेट अर्डुइनोच्या ५ व्होल्ट पिनवर जोडलीत. झाकण जरा उचललं की बोर्ड रीसेट होतो, झाकण खाली येतं, पुन्हा उचलतं, नुसती थरथर. मुलं रात्रभर कोड तपासत बसतात आणि कोड बिचारा बरोबर असतो. सर्वोला ५ व्होल्ट, २ अँपिअरचा वेगळा अडॅप्टर द्या आणि त्याचा ग्राउंड, म्हणजे उणे टोक, बोर्डच्या ग्राउंडला जोडा. ग्राउंड एकत्र करायचा राहिला, तर सर्वो ऐकणारच नाही.

रंगीत एलईडी पट्टीचंही तेच. डब्ल्यूएस२८१२बी जातीचा एक एलईडी पूर्ण पांढरा पेटला की साधारण ६० मिलिअँपिअर घेतो. ३० एलईडींचे झाले १.८ अँपिअर. लॅपटॉपच्या यूएसबीवर हा भार टाकू नका.

ईएसपी३२ हा बोर्ड वायफायसकट स्वस्तात मिळतो म्हणून हल्ली सगळे तोच घेतात. घ्या, पण त्याच्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत. एचसी-एसआर०४ या अल्ट्रासॉनिक सेन्सरची एको (सिग्नल देणारी) पिन ५ व्होल्ट सोडते, ती सरळ जोडली तर बोर्ड जाऊ शकतो. एको आणि बोर्ड यांच्यामध्ये १ किलोओमचा रेझिस्टर, बोर्डच्या पिनपासून ग्राउंडला २ किलोओमचा, एवढं पुरतं. हे रेझिस्टर कटिंग चहापेक्षा स्वस्त पडतात, तरी यादीत नेमके तेच नसतात.

बोर्ड लॅपटॉपला जोडूनही पोर्ट दिसत नसेल तर आधी केबल बदला. बऱ्याच केबल नुसत्या चार्जिंगच्या असतात. बऱ्याच क्लोन बोर्डना (अर्डुइनोच्या स्वस्त नकलांना) सीएच३४० या यूएसबी चिपचा ड्रायव्हर लागतो. लांब ब्रेडबोर्डच्या (सोल्डर न करता तारा खोचायच्या पाटीच्या) पॉवर पट्ट्या काही वेळा मध्येच तुटक असतात, मल्टिमीटरने बघून घ्या. हालचाल ओळखणारा पीआयआर सेन्सर चालू केल्यावर मिनिटभर काहीही दाखवतो, लगेच खराब ठरवू नका.

खरेदी रविवारवर ढकलू नका, बहुतेक दुकानं बंद असतात. मॉड्यूलच्या पिना सोल्डर केलेल्या आहेत का, हे काउंटरवरच बघा. वापरलेलं मॉड्यूल सहसा कुणी परत घेत नाही, तेव्हा स्वस्त सेन्सर दोन-दोन घ्या आणि कॉलेजकडून पैसे मिळणार असतील तर पक्कं बिल तेव्हाच मागा.